साडेबारा वर्षांचा मुलगा आइस हॉकीच्या ट्रिपल ए ट्रायआउटमध्ये (निवड चाचणीत) कट झाला. प्रगती मोजायची कशी?

मिसिसागाची_आई

मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे नाशिकचे, मिसिसागात येऊन अकरा वर्षं झाली. मुलगा 2012 च्या नोव्हेंबरचा. पाच वर्षांचा असताना शेजारच्या पोराचे जुने स्केट्स पायात घालून रिंकवर गेला आणि तिथलाच झाला. यंदा जीटीएचएलमध्ये (टोरंटोकडची पोरांची हॉकी लीग) अंडर-13 डबल ए खेळला, म्हणजे ट्रिपल ए च्या एक पायरी खाली. 34 मॅच, 19 गोल, 16 असिस्ट. (माझं एक्सेल आहे. नवरा त्याला कुंडली म्हणतो.)

एप्रिलमध्ये ट्रिपल ए च्या दोन ट्रायआउटना गेलो. एका ठिकाणी दुसऱ्याच दिवशी यादीतून नाव गायब. दुसरीकडे शेवटपर्यंत ठेवलं आणि मग कोचने पार्किंगमध्ये गाठून सांगितलं की हात छान आहेत, पण लहान पडतो आणि हॉकी सेन्स (खेळ वाचायची समज) कमी आहे. पोरगा घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. उंची 4 फूट 8 इंच, वजन 36 किलो. ज्याला घेतलं त्याला मिसरूड फुटलंय हो!

तर प्रश्न असा. वर्षभरात हा सुधारला की नाही हे मी कशावरून ठरवू? गोल 11 वरून 19 झाले, पण यंदा टीमच चांगली होती. तासावर पैसे घेणारा स्किल्स कोच म्हणतो याचं 'सीलिंग' फार वर आहे. सीलिंग म्हणजे पंखा लटकतो ते, एवढंच मला ठाऊक. आणि हे वाक्य तो सगळ्याच पोरांच्या आयांना म्हणतो, मी ऐकलंय.

एनएचएल (सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) वगैरे डोक्यात नाही. बरं, थोडंसं आहे.

ब्रॅम्प्टनचा_दादरकर

ताई, एक्सेल बंद करा आणि पोराला खेळू द्या. माझ्या थोरल्याचं आम्ही असंच मोजत बसलो, त्याने पंधराव्या वर्षी बॅग गॅरेजमध्ये टाकली ती आजही तिथेच आहे. वास अजून येतो.

किचनरचे_काका

ताई, दादरकरांचं निम्मं ऐका. पोराला खेळू द्या, पण एक्सेलही ठेवा. फक्त त्यातले रकाने बदला.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. गाव कोल्हापूर, 1988 पासून किचनरमध्ये. सगळी नोकरी क्वालिटीत गेली, गाड्यांचे सुटे भाग गेज लावून पास-नापास करत. मुलगा खेळायचा म्हणून रिंकवर जायला लागलो. त्याने सोळाव्या वर्षी सोडलं, माझं सुटलं नाही. पुढे एका ज्युनियर टीमसाठी बारा हिवाळे पार्टटाइम स्काउटिंग (चांगली पोरं हेरायचं काम) केलं. पेट्रोलचे पैसे आणि एक जॅकेट, एवढी कमाई.

आधी तो नोव्हेंबर घ्या. कॅनडात वयोगट 1 जानेवारीला कापतात. म्हणजे तुमचं पोर ज्यांच्याशी लढलं त्यातली काही त्याच्याहून दहा महिने मोठी. या वयात दहा महिने म्हणजे अख्खी इयत्ता. 1980 च्या दशकात लेथब्रिजला एका ज्युनियर मॅचच्या प्रोग्रॅममध्ये रॉजर बार्न्सली यांच्या पत्नीला खेळाडूंच्या जन्मतारखा खटकल्या. सगळे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च! बार्न्सली मानसशास्त्रज्ञ, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर याद्या तपासल्या आणि 1985 मध्ये ते छापून आलं. आज प्रत्येक कोचला हे तोंडपाठ आहे, तरी ट्रायआउटला डोळे मोठ्या पोराकडेच जातात. माझेही जायचे.

त्याचा दुसरा भाग कमी लोकांना माहीत असतो. 2013 मध्ये एक अभ्यास आला, 1980 ते 2007 च्या एनएचएल ड्राफ्टचा (टीम तरुण खेळाडू क्रमाने निवडतात तो). साधारण एकाच क्रमांकावर निवडलेल्यांत, वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले पुढे करिअर करण्याची शक्यता पहिल्या तिमाहीतल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. टीम त्यांची किंमत कमी लावत होत्या. पण लगेच पेढे वाटू नका. हे गाळणीतून टिकलेल्यांबद्दल आहे, गळालेल्यांबद्दल नाही. शिवाय व्हँकुव्हरकडून खेळलेला आपल्याकडचा अर्शदीप बैन्स बघा. कुणी ड्राफ्ट केला नाही, 2021-22 मध्ये डब्ल्यूएचएलमध्ये (पश्चिमेकडची ज्युनियर लीग) 112 पॉइंट (गोल अधिक असिस्ट) काढून अख्ख्या लीगमध्ये पहिला आला आणि त्याच हंगामात करार मिळाला. आणि तो जानेवारीचा! माझ्या सिद्धांताला टांग.

आता शरीर. दाराच्या चौकटीवर दर महिन्याच्या एक तारखेला पेन्सिलीने खूण करा, उंची लिहा. बसल्या उंचीचीही करा, स्टुलावर बसवून. मुलांची उंची साधारण चौदाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, पण दोन पोरांत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज पडतं. पाय आधी लांबतात, धड मागून येतं, आणि तेवढे महिने चांगला स्केटर ओल्या फरशीवरच्या म्हशीसारखा दिसतो. त्या काळात त्याच्याबद्दल काहीही ठरवू नये.

हे मी चुकून शिकलो. वुडस्टॉकजवळच्या एका गावात एक डिफेन्समन होता, चौदाचा. फेब्रुवारीत त्याच्या तीन मॅच पाहिल्या आणि वहीत लिहिलं, "पाय जड. वळताना उघडा पडतो. नाही." तिन्ही मॅच एकाच महिन्यातल्या. दोन वर्षांनी तेच पोर आमच्याविरुद्ध खेळलं. वळताना उघडं वगैरे काही नाही, आमच्या पहिल्या लाइनला (सगळ्यात चांगल्या तिघांना) त्याने निळी रेषा ओलांडू दिली नाही. नंतर त्याचा बाप कॉफीच्या रांगेत भेटला, म्हणाला त्या हिवाळ्यात पोर चार इंच वाढलं होतं, रात्री गुडघे दुखून रडायचं. मी भाग नापास केला होता, आणि भट्टीतून गरम काढलेला असताना मोजला होता. तेव्हापासून किमान पाच महिन्यांच्या अंतराने दोनदा पाहिल्याशिवाय मी वहीत 'नाही' लिहिलं नाही.

उंचीचा अंदाज काढायची खामिस-रोश नावाची पद्धत आहे. मुलाची उंची, वजन आणि आईबापांची उंची घालायची. पण ती ओहायोतल्या गोऱ्या मुलांच्या मोजमापावर बेतलेली आहे. आपल्या पोरांना लावाल तर चिमूटभर मीठ टाकून.

उलटही होतं. लवकर मोठं झालेलं पोर शरीरावर जिंकतं आणि बाकीचं शिकायचं राहतं, कारण गरजच पडत नाही. शॉन डे या डिफेन्समनला 2013 मध्ये पंधराव्या वर्षीच ओएचएलमध्ये (ऑन्टारिओची ज्युनियर लीग) घेतलं, ही वयाआधी खेळायची खास परवानगी आहे, पुढे एनएचएल गाजवणाऱ्या टव्हारेस आणि मॅकडेव्हिडला मिळालेली. स्केटिंग डोळ्याचं पारणं फेडणारं. 2016 च्या ड्राफ्टमध्ये तो 81 वा गेला आणि एनएचएलच्या मॅच बोटांवर मोजण्याइतक्याच खेळला. आणि सॅम बेनेट? 2014 च्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचणीत) त्याला एकही पुल-अप मारता आला नाही, पेपरवाल्यांनी मजा केली. कॅल्गरीने तरी चौथ्या क्रमांकावर घेतला. 2025 मध्ये फ्लोरिडाकडून कॉन स्मायथ ट्रॉफी (प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूची) घेऊन गेला. पट्ट्याने पुल-अपपेक्षा जड वस्तू उचलली.

आता रकाने. गोल ठेवा, पण त्यांचे दोन भाग करा. टेबलातल्या वरच्या चार टीमविरुद्ध किती आणि बाकीच्यांविरुद्ध किती. तळाच्या टीमला 7-1 हरवताना मारलेले तीन गोल मी वहीत लिहायचोच नाही.

त्याखाली हे लिहा. पक (हॉकीची चकती) त्याच्याकडे किती वेळा आला, आणि त्यातून किती वेळा आपल्याच टीमकडे राहिला. बोर्डला (रिंकच्या कडेच्या भिंतीला) आपटून बाहेर काढलेला पक 'राहिला' धरायचा नाही, कोच कितीही टाळ्या वाजवो. पक येण्याआधी त्याने खांद्यावरून मागे पाहिलं का, हो की नाही. चूक केल्यानंतरच्या दहा सेकंदांत काय केलं: मागे पळाला, हात वर करून रेफ्रीकडे पाहिलं, की बेंचकडे. आमचे चुलते तालमीत वस्ताद होते, ते पोर कसं पाडतं हे बघायचेच नाहीत, पडल्यावर त्याचे हात कुठे जातात ते बघायचे. मी इथे बर्फावर तेच बघायचो.

पॉइंट वगैरे एका लीगमधून दुसऱ्या लीगच्या मापात आणायचे गुणक असतात, ते सतराव्या वर्षी उपयोगाचे. बाराव्या वर्षी विसरा.

स्केटिंग सुधारतं. ब्रेडन पॉइंट 2014 मध्ये 79 वा गेला, लहानखुरा आणि पाय मंद म्हणून. त्याला घेणाऱ्या टॅम्पाची तेव्हाची स्केटिंग कोच बार्ब अंडरहिल, 1984 ची जोडी-स्केटिंगची जगज्जेती, तिच्याबरोबर त्याने पावलं दुरुस्त केली. आज त्याला मंद म्हणून दाखवा! पण 'हॉकी सेन्स नाही' हे वाक्य मात्र मला आवडत नाही. मी स्वतः ते शेकडो वेळा लिहिलंय, बहुतेकदा नेमकं काय खटकतंय ते शोधायचा कंटाळा आला म्हणून. तुमच्या पोराचा व्हिडिओ असेल तर एक मॅच घ्या, वरच्या टीमविरुद्धची, आणि एवढंच मोजून इथे टाका.

कॅलगरीकर

काका, मुलींचं वेगळं लिहायला हवं होतं. त्यांची उंची मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी सुटते, त्यामुळे माझी लेक अकराव्या वर्षी टीममध्ये सगळ्यात ताकदवान होती आणि चौदाव्या वर्षी मधली. तिला वाटलं आपण बिघडलो. बिघडली नव्हती, बाकीच्या पोहोचल्या होत्या. ते समजावून सांगायला घरी कुणाला जमलं नाही, शेवटी टीमच्या गोलकीपरने सांगितलं. पीडब्ल्यूएचएल (बायकांची व्यावसायिक लीग) 2024 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून मुलींच्या ट्रायआउटमध्ये पालकांचे चेहरे मात्र तुमच्यासारखेच दिसायला लागलेत, ताई.

ब्रॅम्प्टनचा_दादरकर

काका, म्हशीला नावं ठेवू नका. बाकी मान्य.

मिसिसागाची_आई

काका, केलं. फेब्रुवारीतली मॅच घेतली, टेबलात दुसऱ्या नंबरच्या टीमविरुद्धची, 2-4 ने हरलो होतो. नवऱ्याने स्टँडमधून फोनवर घेतलाय, मध्येच समोरच्या बाईची टोपी येते. दोन रात्री बसले, चहा तीनदा गार झाला.

पक 26 वेळा आला. आपल्याकडे राहिला 15 वेळा. चुकीनंतर बहुतेकदा मागे पळालाय, एकदा मात्र काठी बोर्डवर आपटली (ते मी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं, फोनवर टाळ्या माझ्याच ऐकू येतायत). खांद्यावरून मागे पाहिलं 9 वेळा. आणि काका, हे माझ्या लक्षात आलं नसतं, पण तुम्ही 'हो की नाही' लिहायला लावलंत म्हणून दिसलं: नऊच्या नऊ वेळा तो डाव्या बाजूच्या बोर्डपाशी होता. उजवीकडे एकदाही नाही. दुसऱ्या पीरियडपासून कोचने त्याला उजव्या विंगला (उजव्या कडेला) टाकलं होतं, आणि हातातून गेलेल्या 11 पैकी 8 पक तिथलेच.

किचनरचे_काका

लेफ्ट शॉट आहे का, म्हणजे काठी डावीकडून चालवतो का?

मिसिसागाची_आई

हो. ट्रायआउटला पण तिन्ही दिवस उजव्या विंगलाच खेळवलं होतं, त्यांच्याकडे डावीकडे जागा नव्हती म्हणे.

किचनरचे_काका

मग सेन्सचं नंतर बघू. लेफ्ट शॉटवाल्याला उजव्या बोर्डवर पक बॅकहँडला (काठीच्या उलट्या बाजूला) येतो. तो नीट थांबवता येत नसला की डोळे पकवर खिळतात, मान वळतच नाही, आणि वर बसलेल्याला वाटतं पोराला मैदान दिसत नाही. डावीकडे त्याला मैदान दिसतंय, तुम्हीच मोजलंय नऊ वेळा.

स्किल्स कोचला सांगा, सीलिंग (पोर किती वर जाईल ते) राहू दे, सहा आठवडे फक्त बॅकहँडवर पास घ्यायला शिकव, बोर्डला पाठ करून, सुरुवातीला उभ्यानेच. घरी गॅरेजच्या भिंतीवर टेनिस बॉल मारूनही होतं, रोज पन्नास. मग उन्हाळ्यातली एखादी थ्री-ऑन-थ्री मॅच उजवीकडून खेळू दे आणि परत मोजा. आणि चौकटीवरची पहिली खूण आज रात्रीच करा, स्केट्स काढून, मोजेही.