मदत हवी आहे: एकाच रेकॉर्डच्या दोन बाजू दोन वेगळ्या सुरांत (माइल्स डेव्हिस, 'काइंड ऑफ ब्लू')

संत्राबर्फी:

नमस्कार मंडळी. नागपूरहून लिहिते आहे. तीन आठवडे एका रेकॉर्डपायी जीव हैराण झालाय, म्हणून हा धागा. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ८४ वर्षांचे आहेत. आयुष्यभर पेटीची साथ केली. महालातली भजनं, गणपतीतली नाट्यगीतं, सगळं. त्यांच्याकडे जाझची एकच रेकॉर्ड आहे. त्यांच्या मित्राने १९६८ साली अमेरिकेहून आणलेली, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. कोलंबिया कंपनीचं लाल लेबल, नंबर सीएस ८१६३. मोठेबाबांना इंग्रजी फारसं येत नाही आणि जाझबद्दल त्यांनी कुठे काही वाचलेलंही नाही. पण पहिलीच चीज, 'सो व्हॉट', ऐकून त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं की हा तर पांढरी दोनमधला (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून) काफी थाट आहे. मधे आठ बार (चार-चार मात्रांचे तुकडे) काळी दोनवर चढतात आणि परत खाली येतात. मला हे त्यांनीच पेटीवर दाखवलं. पांढऱ्या दोनपासून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवत गेलं की झालं.

त्यांची एकच इच्छा आहे, या रेकॉर्डसोबत पेटी वाजवायची. आणि तेच जमत नाही. पहिली बाजू पेटीशी जुळत नाही, श्रुतीभर चढी लागते. पांढरी दोन म्हणावी तर तिच्या वर, काळी दोन म्हणावी तर तिच्या कितीतरी खाली. घरात आधी सगळे म्हणाले पेटी उतरली. पेटी जुळवून घेतली, तरी तेच. मग म्हणाले वयामुळे कान गेले. तेव्हापासून त्यांनी हा विषय काढणंच सोडलं.

मी दिवाळीत नवं टर्नटेबल घेतलं, पट्ट्यावर चालणारं, ३३ आणि ४५ असे दोन वेग. त्यावरही पहिली बाजू चढीच. मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी ताडून पाहिलं, मोठेबाबांचं बरोबर आहे. मग वेग तपासायची पट्ट्यापट्ट्यांची चकती छापून आणली आणि जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली फिरवली. वेग बरोबर असला की पट्ट्या थांबलेल्या दिसतात म्हणे, पण त्या पुढे पळत होत्या. म्हटलं, झालं, मशीन जोरात फिरतंय. दुरुस्तीवाल्याकडे नेलं. पेटीचा सूर मोबाइलवर भरून नेला होता, त्याला म्हटलं याच्याशी जुळेपर्यंत कमी करा. त्याने मोटरच्या पोटातला छोटा स्क्रू फिरवून दिला.

घरी आणलं. 'सो व्हॉट' पेटीशी तंतोतंत! मोठेबाबांचे डोळे भरून आले. मग बाजू उलटली. 'ऑल ब्लूज' पांढरी पाचला यायला हवं, ते आता उतरलेलं. नाट्यगीतांच्या रेकॉर्डी लावल्या, त्याही उतरलेल्या.

एकाच चकतीच्या दोन बाजूंना दोन वेग कसे असतील? मोटर बिघडली, पट्टा सैल झाला की रेकॉर्डच खराब आहे?

आणि एक विनंती. उत्तर देताना तुमच्याकडे सध्या कोणती रेकॉर्ड लागली आहे तेही लिहा. मोठेबाबांना रोज वाचून दाखवते, त्यांना फार आवडतं.

तबकडीवेडा:

ताई, नागपूरचा उन्हाळा म्हणजे रेकॉर्डचा वैरी. पारा फार वर गेला की रेकॉर्ड वाकू शकते. कपाटाच्या वरच्या फळीवर, आडव्या थप्पीत ठेवली होती का? माझ्या मते एक बाजू वाकली असणार.

सध्या: एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, १९५६ची. मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो. जेवणानंतर रोज एक बाजू.

खर्ज:

वाकलेल्या रेकॉर्डने असं होत नाही. ती प्रत्येक फेऱ्याला सुई वर-खाली करते, त्यामुळे सूर लाटेसारखा हेलकावतो. इथे सूर एकसारखा चढा आहे, हलत नाही. आणि एक बाजू वाकली की दुसरीही वाकणारच, चकती एकच आहे.

ताई, दोन गोष्टी सांगा. एक, स्क्रू फिरवायच्या आधी दुसरी बाजू पेटीशी जुळत होती का? दोन, लेबलवर कागदाचा बारीक कपटा चिकटवा आणि फेरे मोजा. ३३च्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. १०० फेऱ्यांना किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. कानापेक्षा आणि चकतीपेक्षा हे सोपं, आणि यात फसायला होत नाही.

संत्राबर्फी:

खर्जदादा, मोजलं. तीनदा मोजलं, कारण पहिल्यांदा मधेच आकडा चुकले. १०० फेऱ्यांना तीन मिनिटं दोन सेकंद लागतात. म्हणजे मशीन आता हळू आहे ना? पण छापलेल्या चकतीवरच्या पट्ट्या अजूनही पुढेच पळताहेत. हे काय गौडबंगाल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. मोठेबाबांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "दुसरी बाजू नेहमीच सुरात होती. जुन्या मशीनवर पण. म्हणून तर मी म्हणायचो की पहिलीच चढी आहे." ते एवढी वर्षं नेमकं "पहिली बाजू" म्हणत होते, आणि आम्ही "रेकॉर्ड" ऐकत होतो.

रात्रपाळी:

पट्ट्यांचं मी सांगतो, विजेच्या कामातला माणूस आहे. तुम्ही छापलेल्या चकतीवर दोन वर्तुळं असतील. नसतील तर ती नुसती अमेरिकेची चकती आहे. तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. जुन्या जड चोकची ट्यूब आपल्याकडे सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, तिकडे १२०. म्हणून ३३साठी आपल्याला १८० पट्ट्यांचं वर्तुळ लागतं, त्यांना २१६चं. आपल्या ट्यूबखाली २१६चं वर्तुळ धरलं तर मशीन अगदी अचूक असलं तरी पट्ट्या पुढेच पळणार. १८० मोजून घ्या आणि परत बघा. एलईडीखाली मात्र बघू नका, बऱ्याच एलईडी अशा लुकलुकत नाहीत.

संत्राबर्फी:

मोजल्या. बाहेरच्या वर्तुळात २१६, आतल्यात १८०. मी बाहेरच्याच बघत होते, कारण त्या मोठ्या आणि ठळक होत्या. आतल्या बघितल्या तर त्या सावकाश मागे सरकताहेत. म्हणजे मशीन आधी बरोबर होतं आणि मीच ते बिघडवून आणलं. त्या दुरुस्तीवाल्याची काही चूक नाही, त्याने मी सांगितलं तेच केलं.

पण मग पहिली बाजू?

सुई_आणि_खाच:

आता माझी पाळी. हा धागा सकाळपासून वाचतोय, आणि तुमच्या मोठेबाबांना आधी साष्टांग नमस्कार.

ताई, मशीन निर्दोष आहे, पेटीही आणि त्यांचे कानही. पहिली बाजू खरंच चढी आहे, आणि ती चढीच छापली गेली आहे.

ही रेकॉर्ड दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. ती जागा पूर्वी चर्च होती, म्हणून तिथला नाद असा मोकळा येतो. २ मार्चला तीन चिजा झाल्या: 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर', 'ब्लू इन ग्रीन'. याच तीन पहिल्या बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूच्या 'ऑल ब्लूज' आणि 'फ्लॅमेन्को स्केचेस' या दोन २२ एप्रिलच्या.

२ मार्चला ज्या मुख्य यंत्रावर टेप भरली गेली ते किंचित हळू चाललं होतं. आता हळू यंत्राने सूर चढतो कसा, ते सांगतो. समजा टेपने सेकंदाला शंभर पावलं चालायला हवं आणि ती नव्व्याण्णवच चालली. म्हणजे एका सेकंदाचं वाजवणं नव्व्याण्णव पावलांत मावलं. पुढे बरोबर चालणाऱ्या यंत्रावर ती नव्व्याण्णव पावलं सेकंद पुरा व्हायच्या आतच संपतात. त्यामुळे सगळं जरा घाईचं आणि जरा चढं होतं. तीच टेप वापरून रेकॉर्ड निघाली, १७ ऑगस्ट १९५९ला, आणि पुढची सगळी छपाईही तशीच होत राहिली.

त्या दिवशी जोडीला दुसरं यंत्रही चालू होतं, एखादी टेप खराब झाली तर हाताशी असावी म्हणून. त्याचा वेग बरोबर होता. १९९२च्या पुनर्प्रकाशनाच्या वेळी ती जोडटेप वापरली गेली आणि पहिली बाजू खऱ्या सुरात आली. म्हणजे १९५९पासून तोवर जगभर लोकांनी चढा 'सो व्हॉट' ऐकला. वाजवणाऱ्यांनी त्याच्यासोबत वाद्यं जुळवली आणि न जुळल्यावर आपापल्या वाद्यालाच दोष दिला असेल. तुमच्याकडची प्रत १९६८ची, ती चढी असायलाच हवी.

तेव्हा तो स्क्रू आहे तिथे परत आणा. १०० फेरे, १८० सेकंद. एका बाजूसाठी बाकी सगळ्या रेकॉर्डी उतरवू नका.

मोठेबाबांना पहिल्या बाजूसोबत वाजवायचं असेल तर दोन वाटा. १९९२नंतरची दुरुस्त छपाई मिळवा, किंवा वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी असलेलं टर्नटेबल वापरा. तुम्हाला जेमतेम एक टक्का खाली यायचं आहे. मी दुसरी वाट सुचवेन. त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं सांभाळलेली प्रत आहे, तिच्यासोबतच वाजवू द्या.

सध्या: जॉन कोल्ट्रेन, 'अ लव्ह सुप्रीम'. 'सो व्हॉट'मध्ये माइल्सच्या मागोमाग टेनर सॅक्सोफोनवर येतो तो हाच.

संत्राबर्फी:

तुमचं उत्तर मी मोठेबाबांना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यांदा "१९९२" आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि आमच्या बाबांना हाक मारली. "ये इकडे, वाचून दाखव त्याला." बाबांनी उभ्यानेच ऐकलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "दादा, माझं चुकलं." कान गेले असं सगळ्यात जास्त वेळा बाबाच म्हणाले होते.

स्क्रू मीच हळूहळू फिरवला. चार प्रयत्नांत १८० सेकंद जमलं, आतल्या पट्ट्याही थांबल्या.

आता सरकपट्टीवालं टर्नटेबल शोधते आहे. नवं फार महाग आहे. नागपुरात कुणाला जुनं माहीत आहे का?

बर्डीवाला:

अहो ताई, शोधता कायले? माझ्याकडे आहे ना. जुनं आहे पण मस्त चालून राहिलं. मी शंकरनगरले राहतो. रविवारी घेऊन येतो, फक्त काकाजींची पेटी ऐकू द्या. मोटरचा पट्टा नाही त्याले, थेट मोटरवरच फिरते, सरकपट्टी आठ टक्के वर, आठ टक्के खाली.

सध्या: डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट'. ही पण १९५९चीच, आणि त्याच चर्चमधल्या स्टुडिओतली. पाच मात्रांची जी चीज आहे ती सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंडने रचली. काकाजींना सांगा, तीन अधिक दोन मोजायचं.

संत्राबर्फी:

रविवारचं लिहायचं राहिलं होतं.

बर्डीवालेदादा सकाळी नऊलाच आले. वीस किलोमीटर स्कूटरवर आणलं असावं अशा काळजीने मशीन गोधडीत गुंडाळलेलं, शंकरनगर ते आमचं घर खरं दहा मिनिटांचं. कूलर बंद केला, त्याच्या आवाजात सूर लावता येत नाही. मोठेबाबांनी पेटी समोर घेतली आणि पांढरी दोन धरून ठेवली. दादा सरकपट्टी खाली घेत होते. मोठेबाबा डोळे मिटून, "अजून." मग, "केसभर अजून." मग नुसताच हात वर. पट्टीवर बघितलं तर एक टक्क्याच्या किंचित पुढे.

सुई परत सुरुवातीला ठेवली. आधीचा पियानो आणि बेसचा तो चाचपडत येणारा भाग त्यांनी नुसता ऐकला. मग बेस प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात ना, ती दोन सुरांची उत्तरं त्यांनी पेटीवर द्यायला सुरुवात केली. भाता अगदी हलका, जेमतेम श्वासाएवढा. मधले आठ बार यायच्या एक क्षण आधीच त्यांचा हात काळी दोनवर गेलेला होता. माइल्सचा तुकडा सुरू झाला तसं त्यांनी वाजवणं थांबवून फक्त पांढरी दोन धरून ठेवली, तानपुऱ्यासारखी. नऊ मिनिटं कुणी जागचं हललं नाही. बाबा दारात उभे होते.

बर्डीवालेदादा मशीन महिनाभर ठेवून गेलेत.

मोठेबाबांचे दोन निरोप. सुई_आणि_खाच यांना नमस्कार. आणि ती पाच मात्रांची रेकॉर्ड कुणी ऐकायला देईल का? पट्टी कोणती आहे ते आधी सांगा, पेटी काढून ठेवतो म्हणाले.