मदत हवी आहे: घोड्याच्या पायाला सूज, हळद-गुग्गुळ किती द्यायचा?

लाल_माती: माथेरानला माझा घोडा पेव्हर ब्लॉकवर घसरला. पुढच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली मागच्या बाजूने सूज आहे, हात लावू देत नाही. चंदीतून हळद, मेथी, सलई गुग्गुळ, जवस यातलं काय आणि किती द्यायचं? प्रमाण सांगा. 'डॉक्टरला दाखवा' लिहू नका, दाखवलंय. सीझन तोंडावर आलाय.

खरारा: डॉक्टर काय म्हणाले? औषध कोणतं चालू आहे? लागून किती दिवस झाले?

लाल_माती: परवा लागलं. पावडर दिलीय, नाव बघून सांगतो. मी हळदीचं विचारलंय.

जुनी_पागा: हळद, गूळ आणि तुपाचा लाडू द्या, वरून एरंडाची पानं गरम करून बांधा. आमच्या आजोबांपासून हेच चालत आलंय, आठवड्यात घोडा पाय टेकतो.

खरारा: ताज्या सुजेला शेक अजिबात नको, सूज वाढेल. पहिले दोन-तीन दिवस नळीने गार पाणी सोडा, एका वेळी १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा.

जुनी_पागा: आमचे घोडे काय गार पाण्याने बरे झाले? पुस्तकातलं सांगू नका.

मुंब्रा_लोकल: माणसांच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणा, स्वस्त पडतं.

रानपाखरू: कृपा करून नको! जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्याच रायगडात म्हसळ्याकडे मोजकी गिधाडं उरलीत.

डर्बी_दर्दी: डेव्हिल्स क्लॉ (सुजेवर देतात ती आफ्रिकेतली वनस्पती) देणार असाल तर शर्यतीआधी बंद करा, चाचणीत सापडतं.

लाल_माती: शर्यतीचा नाही, पर्यटकांचा घोडा आहे. पावडर फिनाइलब्युटाझोन आहे, दुखणं-सूज कमी करायची. सोबत गुग्गुळ चालेल ना?

खरारा: हे आधी सांगायला हवं होतं. या औषधाने घोड्याच्या जठरात आणि आतड्यात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडावरही ताण येतो. त्यावर गुग्गुळ किंवा मिरी घातलेली हळद स्वतःच्या मनाने चढवू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. हळदीतलं कर्क्युमिन अंगात फार कमी शोषलं जातं. जवस चांगला आहे, पण त्याचा गुण यायला आठवडे लागतात, परवाच्या सुजेवर त्याचा उपयोग नाही. आणि दुखणं दबलं म्हणून पाठीवर माणूस बसवू नका. तिथली शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी कंडरा) फाटली असेल तर भरून यायला नऊ-बारा महिने जातात. सोनोग्राफी करा. जवळ सोय नसेल तर परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात विचारा.

लाल_माती: नऊ महिने चंदी कुठून घालू?

घाटवाट: ते ब्लॉक बसवलेच कशाला, हे विचारा. मातीवर नाल धरते, ओल्या ब्लॉकवर सटकते.

नालबंद: नाल काढून खूर बघितलं का कोणी? खुरात पू झाला तरी घोडा असाच अचानक लंगडतो. खूर गरम लागतंय का?

लाल_माती: थोडं गरम आहे. टाचेजवळ चीर पडलीय, तिथे माती भरली होती, धुतली.

खरारा: जखम आहे? धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय का? घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. दिलं नसेल तर हळदीचं राहू द्या, आत्ता डॉक्टरांना फोन लावा.