दोघांसाठी दोन दिवस: बर्कमस्टेड (अनुभव धागा)

रानजाई: निळ्या फुलांनी भरलेल्या रानाचा फोटो आज समोर आला आणि बर्कमस्टेड आठवलं. लंडनला नोकरीला जाणाऱ्यांचं झोपाळू गाव. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून गाडीने साधारण 35 मिनिटं. किल्ला स्टेशनला लागूनच, फुकट; थंडीत 4 वाजता बंद. भिंती थोड्याच उरल्यात, पण मातीची टेकडी आणि दुहेरी खंदक बघाच. 1830च्या दशकात रेल्वेने किल्ल्याच्या वेशीचा भाग खाल्ला. कालव्याकाठची वाट सपाट, साडीतही चालता येते. ज्यांनी हे केलंय त्यांनी भर घाला.

टमरेल: टू टुगेदर रेलकार्ड, म्हणजे दोघांनी मिळून वापरायचं रेल्वेचं सवलतकार्ड. 35 पौंड, वर्षभर, एक तृतीयांश सूट. म्हणजे 105 पौंडांची तिकिटं झाली की पैसे फिटले, एकाच सहलीसाठी घेऊ नका. सोम ते शुक्र सकाळी 9:30 च्या आधी चालत नाही. दोघं एकाच गाडीत हवेत, भांडलात तरी. स्टेशनच्या फाटकावर बँकेचं कार्ड टेकवलं तर सूट मिळत नाही, तिकीटच काढा.

चिंचगूळ: @टमरेल भांडलात तरी 😂

पाऊलवाट: ती निळी फुलं गावाजवळच्या अॅशरिजच्या रानात. एप्रिलअखेर ते मेची सुरुवात, थंडी लांबली तर मागेपुढे. तिथल्या डॉकी वूड या भागात त्या दिवसांत शनिवार-रविवारी पैसे घेतात. आखलेली वाट सोडू नका. पानं चिरडली की कंदाला अन्न मिळत नाही, ती जागा भरायला वर्षं जातात. फोटोसाठी आत बसणारे बघून डोकं फिरतं. बर्कमस्टेड स्टेशनपासून अॅशरिजपर्यंत तीनेक मैल चढ, वर चिकणमाती. पांढरे बूट घरी.

कोथिंबीर: शाकाहारींनो, पबमधल्या रविवारच्या रोस्टमध्ये (भाजलेल्या मांसाचं जेवण) नट रोस्ट (सुक्यामेव्याची भाजलेली वडी) घ्या पण ग्रेव्ही वेगळी मागा, बरेचदा मांसाच्या रसाची असते. सोबतच्या यॉर्कशायर पुडिंगमध्ये (पिठाची भाजलेली वाटी) अंडं असतंच. चिप्सचं तेल कशाकशाला वापरतात तेही विचारा. दुपारी अनेक पबची चूल बंद होते, 2 च्या आत बसा.

चिंचगूळ: चहाचं काय? खोलीत किटली असते ना?

कोथिंबीर: असते. दूध बोटभर डब्यांतलं, चव म्हणजे राम राम. आलं किसून न्या. फोडणी आणि उदबत्ती मात्र नको, धुराचा भोंगा अख्खं हॉटेल रस्त्यावर आणतो.

पाऊलवाट: रविवारी रुळांची कामं निघतात, गाडीऐवजी बस येते आणि वेळ दुप्पट. आदल्या रात्री बघा. पुढच्या ट्रिंग स्टेशनला उतरणार असाल तर स्टेशन गावापासून जवळपास दोन मैल लांब. आयव्हिंगहो बीकन ही टेकडी चढायची असेल तर मात्र तेच सोयीचं.

टमरेल: बर्कमस्टेडच्या रेक्स सिनेमाची तिकिटं आधी काढा. 1938चं थिएटर, खाली टेबलं मांडलेली, लवकर भरतं.

भाकरतुकडा: साडीत चालता येतं म्हणजे नऊवारीत पण? सासूबाई विचारतायत.

रानजाई: नऊवारीत तर आणखी बरं, खाली घोळत नाही. पण शाल हवीच, मेमध्येसुद्धा.