ठेक्यावरची कामगार, कंपनीचा सुपरवायझर: तक्रार कोणाकडे?

प्रश्न: नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली कंपनी. पॅकिंग लाइनवरची बाई ठेकेदाराची, सुपरवायझर कंपनीचा. त्याचे घाणेरडे मेसेज; तिने नाही म्हटल्यावर ओव्हरटाइम बंद. एचआर म्हणतं, ‘ती आमच्या मस्टरवर नाही, ठेकेदाराकडे जा.’ कंपनी अशी हात झटकू शकते?

उत्तर १: नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, शिकाऊ, सगळ्याच ‘कर्मचारी’. माणूस कंपनीचा, जागा कंपनीची, म्हणून अर्ज कंपनीच्याच अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींच्या चौकशीसाठी कंपनीने नेमायच्या समितीकडे. लेखी, सहा प्रती, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. एचआर ‘बघतो, बोलतो’ करत राहतं आणि मुदत निघून जाते. तोंडी सांगितलेलं धरू नका, पोच घ्या.

उत्तर २: ‘त्रास देतो’ एवढ्याने भागत नाही. तारीख, कामाची पाळी (शिफ्ट), आसपास कोण होतं ते लिहा. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि वेळ दिसू द्या, मूळ चॅट पुसू नका. तिने नकार दिला त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्याची पगारस्लिप शेजारीशेजारी जोडा. ओव्हरटाइमचा आकडाच बोलतो.

त्याच वेळी अंतरिम दिलासाही, म्हणजे चौकशी चालू असेपर्यंतचं संरक्षण, लेखी मागा: सुपरवायझरने तिच्या कामावर शेरा मारू नये, आणि बदली. ‘त्याची बदली’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर तिलाच दुसऱ्या शेडमध्ये पाठवतात. हक्काच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळू शकते.

उत्तर ३: एक गैरसमज काढा. सुपरवायझरने केलं म्हणून या कायद्याखाली कंपनीला आपोआप दंड होत नाही. समितीच नेमली नाही, किंवा अहवालावर 60 दिवसांत कारवाई केली नाही, तर 50,000 रुपयांपर्यंत. पुन्हा तेच केलं तर दुप्पट, शिवाय परवान्यावर गदा. म्हणून आधी समिती नेमल्याच्या आदेशाची प्रत मागा: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी महिला, एक सदस्य कंपनीबाहेरचा. चौकशी 90 दिवसांत. कामगार दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. पोलिसांकडे जायला समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्नकर्ता: मधेच ठेकेदाराने काढून टाकलं तर?

उत्तर १: तक्रार चालूच राहते. तक्रारदार बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. काढल्याची तारीख आणि कोणी काय सांगितलं ते लगेच समितीला लेखी द्या.