स्वयंपूर्णतेची पुस्तकं आणि आपलं शिवार: बेळगाव-खानापूर-चिकोडीकडे ही गणितं जमतात का?

शिवारवाचक

स्थानिक खा, स्वतःचं पिकवा असं सांगणारी पुस्तकं हल्ली आपल्या भागातही बरीच फिरतात. जपानी शेतकरी फुकुओकांचं ‘एका काडातून क्रांती’ आहे, किंगसॉल्व्हरचं ‘ॲनिमल, व्हेजिटेबल, मिरॅकल’ आणि स्मिथ-मॅकिनन यांचं ‘हंड्रेड माइल डाएट’ (दोन्ही २००७), शिवाय जॉन सेमूर यांचा १९७६ चा स्वयंपूर्णतेवरचा जाडजूड ग्रंथ. ती जरूर वाचावीत. पण त्यातली बहुतेक एका कुटुंबाला एकक धरतात आणि आपला वाचक तिथंच फसतो. स्वयंपूर्णता मोजायची तर शिवाराची मोजा, फार तर आठवडी बाजाराची.

कागदावर मांडून बघा. घरात पाच माणसं. माणशी रोज ३०० ग्रॅम धान्य म्हणजे वर्षाला साधारण ५५० किलो. निम्मा तांदूळ, निम्मी ज्वारी. २७५ किलो तांदळाला ६५ टक्के उतारा धरला तर सव्वाचार क्विंटल भात लागतं. पावसावरचं सुवासिक वाण गुंठ्याला ३० किलो धरा, झाले १४ गुंठे. ज्वारी गुंठ्याला १२ किलो, म्हणजे २३ गुंठे. तेल माणशी रोज २० ग्रॅम, वर्षाला ३६-३७ किलो. घाण्यावर शेंगदाण्याला ४० टक्के उतारा, फोडल्यावर शेंगेतून ७० टक्के दाणे, म्हणजे १३० किलो शेंगा आणि त्यासाठी ९ गुंठे. डाळीला वेगळी जमीन नको, भात काढल्यावर त्याच जागी मसूर येते. भाजीचे ४ गुंठे मिळवले की सव्वा एकर. यात म्हशीची वैरण नाही, ऊस नाही, पडीक ठेवलेली जमीन नाही. सलग सव्वा एकर किती घरांकडे आहे? ज्यांच्याकडे आहे त्यांची काळी आणि तांबडी माती एकाच तुकड्यात असते का?

मलप्रभाकाठ

गणित बरोबर, पण सुरुवातच चुकीच्या जागेवरून. तुम्ही एकल पिकाचा पावसावरचा उतारा धरलात. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘विपुलाच सृष्टी’मध्ये नेमकं हेच खोडून काढलंय. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात ही त्यांची मांडणी. उत्पन्न जमिनीच्या क्षेत्रावर ठरत नाही, पानांनी किती ऊन अडवलं यावर ठरतं, हा त्याचा गाभा. त्यांचा प्रयोग परिवार, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचं जाळं, याच पायावर उभा राहिला. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर लिहिलेलं पुस्तक सोडून तुम्ही व्हर्जिनिया आणि व्हँकुव्हरच्या पुस्तकांवर टीका करत बसलाय.

आणि यात नुसती प्रेरणा नाही, कृती आहे. त्याच वाटेवर पुढं रुळलेली अमृतमातीची, म्हणजे पाचटापासून सुपीक माती बनवण्याची, रीत सांगतो. १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, १० लिटर पाणी. तीन दिवस रोज तीनदा ढवळायचं, चौथ्या दिवशी १०० लिटर पाण्यात मिसळायचं. उसाचं पाचट बारीक करून त्यात चोवीस तास बुडवायचं, मग पाचटाचा थर, मातीचा पातळ थर, असा फूटभर उंचीचा ढीग. महिनाभर दर आठवड्याला वर-खाली करायचा आणि ओल टिकवायची. मग त्यावर मिश्र बी टाकून २१, ४२ आणि ६३ दिवसांनी कापणी घ्यायची आणि ते कापलेलं तिथंच मिसळायचं. लोक बिघडवतात ते वेळेत. खानापूरकडे हा ढीग जूनमध्ये उघड्यावर लावला की पाणी साचतं, हवा कोंडते आणि आंबूस वास सुटतो. पाचट साखर कारखाने बंद होताना, मार्चच्या आसपास मिळतं. तेव्हाच सुरू करा, मृगाच्या सुमारास माती तयार होत येते.

शिवारवाचक

दाभोळकरांबद्दल मला आदरच आहे. वर नाव घेतलं नसलं तरी माझ्या यादीत ते पहिले. पण तुमच्याच कृतीत पाचट आलं कुठून? दहा गुंठ्यांत ऊस नाही. म्हणजे ते शेजारच्या दोन एकरांतून आलं. शेणही दुसऱ्याच्या गोठ्यातलं. दहा गुंठे पुरतात ते भोवतालच्या शिवाराच्या जिवावर, आणि मी तेच म्हणतोय.

फुकुओकांचंही असंच. त्यांचं शिकोकू बेट समशीतोष्ण, पाऊस वर्षभर थोडाथोडा. ते शरदात भाताचं बी मातीच्या गोळ्यांतून टाकत. थंडीत ते झोपून राही, वसंतात उगवे. आपल्याकडे नोव्हेंबरात गोळ्या टाकल्या तर एखाद्या वळिवानं एप्रिलमध्ये उगवतील आणि मेच्या उन्हात करपतील. त्याआधी मुंग्या-उंदीर आहेतच. काड शेतातच पसरायचं म्हटलं तर पिंजर म्हशीला लागतं, आणि तांबड्या जमिनीत सुक्या काडाला वाळवी लागते.

मलप्रभाकाठ

मान्य, गोळ्या जशाच्या तशा चालणार नाहीत. पण रोप न करता, चिखल न करता भात घेणं आपल्याकडे जुनंच आहे की! मेअखेरची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत बी पेरणं, दुसरं काय आहे? फुकुओका वाचून माणसाला आपल्या कुरीकडं (पेरणीच्या अवजाराकडं) नव्यानं बघता येतं, पुस्तकाचं काम तेवढंच. फुकुओका भातात पेरत त्या पांढऱ्या क्लोव्हरऐवजी ताग घ्या, भातासोबत पेरा आणि महिन्या-सव्वा महिन्यात कोळप्यानं मोडा. जास्त दिवस ठेवलात तर तागच भाताला झाकतो. धूळवाफेचा खरा शत्रू तण. पहिली कोळपणी तीन आठवड्यांच्या आत झाली नाही तर पीक हातचं गेलं समजा.

चिकोडी_ऊस

तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडून बोलताय. चिकोडी, रायबाग, अथणीच्या कालव्याखाली सलग ऊस आहे. पुस्तक वाचून कुणी त्यात दहा गुंठे ज्वारी पेरली तर काय होईल? दाणे भरताना आजूबाजूची सगळी पाखरं त्याच तुकड्यावर उतरणार. पूर्वी शंभर एकर ज्वारी असायची, पाखरं वाटली जायची आणि प्रत्येकाचं थोडं जायचं. आता एकट्याचं सगळं जातं. गोफण घेऊन पंधरा-वीस दिवस माणूस उभा करायचा तर मजुरीतच बाजारची ज्वारी येते. शिवाय बाजूच्या उसाला पाणी दिलं की रब्बी ज्वारीत ओल झिरपते, कणीस भरायच्या वेळी ताटं लोळतात.

मी कारखान्याकडून येणाऱ्या उसाच्या बिलातून धान्य आणतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. ज्या पुस्तकाला पाखरांचा हिशोब माहीत नाही त्यानं मला स्वयंपूर्णता शिकवू नये.

शिवारवाचक

अण्णा, माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्हीच मांडलात. पाखरांचा बंदोबस्त एका घराला जमत नाही, पाच-सहा जणांनी लगतचे तुकडे एकाच आठवड्यात पेरले तर जमतो. हे सेमूर सांगत नाहीत, कारण त्यांचं चित्र एका कुटुंबाच्या कुंपणाआड संपतं. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा सांगतात. १९३४ मध्ये वर्ध्यात ग्रामोद्योग संघ निघाला, आणि त्यांचं ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट’ १९३६ चं. त्यात तेलघाणा, हातसडीचा तांदूळ, कातडं, कागद या सगळ्याला धरून गाव उभं आहे. ते पुस्तक आपल्याला परकंही नाही. गांधी सेवा संघाचं अधिवेशन १९३७ मध्ये आपल्याच बेळगावजवळच्या हुदलीला झालं आणि तिथं खादी रुजली. मात्र बिलाच्या पैशातून धान्य आणण्याबद्दल आपलं पटणार नाही. बिल थकलं की दुकानदाराच्या वहीत ज्वारी उधारीनं लिहिली जाते.

चिकोडी_ऊस

बिल थकतं हे खरंय. पण भाताचाही दर पडतोच की. आणि सहा जण एका आठवड्यात पेरतील ही गोष्ट पुस्तकात सोपी असते. एकाचा ऊस अजून तुटायचाय, दुसऱ्याची पाण्याची पाळी पुढच्या पंधरवड्यात, तिसऱ्यानं जमीन फाळ्यानं (खंडानं) दिलेली. माझं मत बदललेलं नाही.

गच्ची_टिळकवाडी

जमीन नसलेल्या माणसांबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. शहरात भाड्यानं राहणाऱ्याला सव्वा एकर काय आणि दहा गुंठे काय, सारखंच. आमच्यासारख्यांना ‘हंड्रेड माइल डाएट’च जास्त उपयोगी, कारण ते खाणाऱ्याच्या बाजूनं लिहिलंय. त्या दोघांना शंभर मैलांत गव्हाचं पीठ मिळायला महिनोन्‌महिने लागले आणि तोवर बटाट्यांवर भागवावं लागलं. बेळगावभोवती १६० किलोमीटरचं वर्तुळ काढा. शिरोड्याचं मीठ आत येतं, खानापूरचं आमसूल, यळ्ळूरचा बासमती, संकेश्वरी मिरची, गुऱ्हाळाचा गूळ, कोकणचा नारळ, खानापूर-चंदगडची नाचणी आणि रताळी, सगळं आत. चहा तेवढा बाहेर. किंगसॉल्व्हरच्या घरात प्रत्येकाला एकेक वस्तू बाहेरची घ्यायची सूट होती. आपली सूट चहापत्तीवर संपते. इतकं नशीबवान वर्तुळ फार थोड्यांना मिळतं, आणि आपण पंजाबचा बासमती खातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फक्त किंगसॉल्व्हरच्या पुस्तकातलं बरण्यांत भरून ठेवण्याचं तंत्र आंधळेपणानं उचलू नका. टोमॅटोची आंबटी काठावरची असते, अर्ध्या लिटरच्या बरणीला मोठा चमचाभर लिंबूरस घालावाच लागतो. मटार किंवा शेंगाभाज्या नुसत्या उकळत्या पाण्यात बरण्या ठेवून टिकवू नका. बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) बीजाणू १०० अंशाला मरत नाहीत, आणि बरणी उघडल्यावर वास किंवा चव बदललेली असेलच असं नाही. आपल्याकडे कडक ऊन आहे, ते वापरा. मिरची हलवल्यावर बी खुळखुळलं आणि देठाजवळ कट्‌कन मोडली तरच कुटायला घ्या. कांदा-लसूण घालून वर्षाचं तिखट करताना कांदा कुरकुरीत तळला गेला नाही तर पावसाळ्यात त्याला बुरशी येते. शेंगाही फोडण्याआधी आतला दाणा खुळखुळेपर्यंत वाळवा. ओलसर दाण्यावरची बुरशी विषारी असते, आणि कुबट दाण्याचं तेल पुढं गाळून सुधारत नाही.

मलप्रभाकाठ

ताई, मसुरीचं सांगा. वर्षाची भरली की ऑगस्टात भुंगा लागतो.

गच्ची_टिळकवाडी

भुंग्याची अंडी शेतातूनच येतात, त्यामुळं डबा घट्ट असून उपयोग नाही. कडक उन्हात दोन दिवस वाळवा, पूर्ण गार होऊ द्या (गरम भरली की डब्यात दव धरतं), मग किलोला ५ मिलि एरंडेल हातानं चोळून भरा. खाताना धुऊन घेतलं की तेल जातं. दुसरा उपाय, निम्मी मसूर लगेच भरडून डाळ करा. डाळीला भुंगा फारसा लागत नाही.

शिवारवाचक

पिकवणाऱ्यांसाठी मसुरीबद्दल एवढंच, कारण आपल्या भागात डाळीचा प्रश्न सोडवणारं याच्याइतकं सोपं पीक नाही. भात काढल्यावर ओल आहे तोवर पेरा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हायला हवा, भेगा पडू लागल्या की उशीर झाला. एकराला १६ किलो बी, म्हणजे १४ गुंठ्यांना साडेपाच-सहा. ज्या जमिनीत मसूर नवी आहे तिथं बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी धरायला लावणारे जिवाणू) लावून पेरा, नाहीतर मुळांवर गाठी धरत नाहीत. फुलोऱ्यात सलग धुकं आलं की फूल गळतं, त्याला इलाज नाही. यळ्ळूर-शहापूर शिवारासारख्या काळ्या जमिनीत गुंठ्याला सहा-सात किलो धरायला हरकत नाही. म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅमनं पाच माणसांची वर्षाची ९० किलो मसूर त्या १४ गुंठ्यांतच निघते. तांबड्या माळावर एवढी अपेक्षा ठेवू नका, तिथं हुलगा पेरा.