पिंगळ्यांची फाशी: ‘कायम’ करणारा लाट कोणता?

तळेगावचा_नातू
आमचं गाव तळेगाव ढमढेरे, गदर कटातले क्रांतिकारक विष्णू गणेश पिंगळ्यांचं. १६ नोव्हेंबरला, त्यांच्या फाशीच्या दिवशी, शाळेत पाच मिनिटं बोलायचंय. आजोबा सांगायचे, "जज्जाने फाशी दिली, लाटसाहेबाने कायम केली." हा लाट, म्हणजे बडा इंग्रज अधिकारी, कोणता, लाहोरचा की दिल्लीचा? आणि हायकोर्टात अपील का नाही केलं? पोरं हमखास विचारतात हो.

निवृत्त_शिरस्तेदार
‘कायम’ हा आजोबांचा शब्द अस्सल कोर्टातला, फक्त चुकीच्या माणसाला चिकटलाय. कायम करायचं हायकोर्टाने. १८९८ च्या फौजदारी संहितेचं कलम ३७४: सेशन जज्जाने फाशी सुनावली तरी हायकोर्टाच्या शिक्क्याशिवाय अंमल नाही. आजही तसंच आहे. माझ्या नोकरीत एकदाच अशी केस आली. रेकॉर्ड मुंबईला पाठवायचं म्हणून पानांना नंबर मीच घातले. दोनदा चुकलो, दोनदा खोडून पहिल्यापासून. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

दयेचा अर्ज त्यानंतर. कलम ४०१-४०२ खाली प्रांताचं सरकार, त्याच्यावर व्हाइसरॉय.

पिंगळ्यांच्या वेळी मधलं हायकोर्टच उडवलं होतं. १९१५ चा भारत संरक्षण कायदा: न्याय करायला तीन कमिशनर, खटला लाहोरच्या तुरुंगातच, ना अपील, ना कायम करणं. १३ सप्टेंबर १९१५ ला २४ जणांना फाशी सुनावली. पंजाबचा लाट (लेफ्टनंट गव्हर्नर) मायकेल ओडवायर, त्याच्याकडून कसली आशा! शेवटचा शब्द व्हाइसरॉय हार्डिंजचा. त्याने २४ पैकी १७ जणांना फाशीऐवजी काळं पाणी दिलं. भाई परमानंद त्यातलेच. सात जण गेले, त्यात पिंगळे आणि कर्तारसिंग सराभा.

आता हे बघा. याच हार्डिंजवर २३ डिसेंबर १९१२ ला दिल्लीत हत्तीवर बसलेला असताना बॉम्ब पडला होता. कट रासबिहारी बोसांचा, आणि पिंगळे बोसांचेच सहकारी.

कट्ट्यावरचा_वकील
म्हणून लगेच दयाळू ठरवू नका. महायुद्ध पेटलेलं, फौजेची भरती पंजाबातून. एकाच खटल्यात २४ फाशा झेपल्या नसत्या. बाकी लंडनचं दार म्हणाल तर भगतसिंगांच्या वेळी प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तिथल्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेले होते. फेब्रुवारी १९३१ मध्ये तिथे अपिलाची परवानगीच नाकारली. मग पुन्हा व्हाइसरॉयच, तेव्हा आयर्विन.

तळेगावचा_नातू
मग १७ वाचले त्यात पिंगळे का नाहीत?

निवृत्त_शिरस्तेदार
माझा अंदाज सांगतो. ते २३ मार्च १९१५ ला मेरठला, १२ व्या रिसाल्याच्या (घोडदळाच्या) लाइनीत बॉम्बसकट सापडले. पलटणीत शिरलेल्या माणसाला ते सरकार कशाला सोडतंय.

आणि भाषणात ‘लाटसाहेबाने कायम केली’ म्हणू नका. ‘व्हाइसरॉयने माफ केली नाही’ म्हणा.

तळेगावचा_नातू
खोडलं. आजोबांचं वाक्य मात्र सुरुवातीला तसंच ठेवतोय, पोरांनाच चूक शोधू दे.