फार्मासिस्टला डोस बदलण्याचा अधिकार द्यावा का? सीमाभागापुरती चर्चा

कागवाडकर (धागा सुरू करताना)

आपल्या भागातल्या आजारी माणसाची औषधे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांत वाटलेली असतात. कागवाड, उगार, अथणी या पट्ट्यातला माणूस बीपीच्या आणि हृदयाच्या तपासणीला मिरजेला जातो, गुडघा दुखला की चिकोडीत किंवा गावातल्याच दवाखान्यात दाखवतो, आणि काही मोठे निघाले तर बेळगाव गाठतो. या सगळ्या चिठ्ठ्या शेवटी गावातल्या मेडिकलच्या काउंटरवरच येतात. मिरजेच्या डॉक्टरांनी बीपी उतरवणारे टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी चालू केलेली असते. इकडच्या डॉक्टरांपुढे ती चिठ्ठी येत नाही, म्हणून ते गुडघ्यासाठी दिवसातून दोनदा वेदनाशामक अ‍ॅसिक्लोफिनॅक लिहून देतात. ही तीन औषधे एकत्र आली की मूत्रपिंडाला धोका वाढतो, त्यातही रुग्ण वयस्कर असला आणि उन्हाळ्यात पाणी कमी पीत असला तर अधिकच. दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी पाहणारा एकटा फार्मासिस्ट असतो, पण त्याचे हात बांधलेले आहेत. 1945 च्या औषध नियमांनुसार शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येणाऱ्या, औषधाच्या जागी त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळीसुद्धा त्याला देता येत नाही, मग डोस बदलणे तर दूरच राहिले.

माझा प्रस्ताव मर्यादित आहे. नव्या आजाराचे निदान फार्मासिस्टने करू नये. ज्या रुग्णाचा बीपी किंवा मधुमेह डॉक्टरांनी आधीच निश्चित केला आहे, त्याचा डोस डॉक्टरांशी झालेल्या लेखी करारानुसार आणि ठरलेल्या उपचारपद्धतीत कमीजास्त करण्याची मुभा त्याला असावी. याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात 2007 पासून फार्मासिस्टना औषध लिहिण्याचा अधिकार आहे, आणि तिथेच 248 रुग्णांवर झालेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फार्मासिस्टने औषधे ठरवलेल्या गटाचा वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी 18.3 ने उतरला, तर नेहमीच्या उपचारांच्या गटाचा 11.8 ने. लॉस एंजेलिसमध्ये तर फार्मासिस्ट केशकर्तनालयात जाऊन बसले. 52 दुकानांतील 319 कृष्णवर्णीय पुरुषांच्या त्या अभ्यासात (2018) उपचारगटाचा वरचा रक्तदाब सरासरी 27 ने खाली आला, दुसऱ्या गटाचा जेमतेम 9 ने. दुकानात बसलेला माणूस बीपी ताब्यात आणू शकतो हे एकदा सिद्ध झाल्यावर आपण कशासाठी थांबलो आहोत?

खानापूरचा डॉक्टर

आकडे बरोबर आहेत, परंतु ते ज्या व्यवस्थेतून आले तिचा उल्लेख आपण गाळला आहे. लॉस एंजेलिसच्या त्या फार्मासिस्टना स्वतंत्र प्रशिक्षण दिलेले होते, त्यांच्यामागे डॉक्टरांशी केलेला करार होता, आणि रक्तातले क्षार जागेवर तपासण्याची सोय होती. टेल्मिसार्टनचा डोस वाढवायचा तर रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम पाहावे लागते. ते न पाहता डोस वाढवणारा, मग तो डॉक्टर असो की फार्मासिस्ट, रुग्णाच्या जिवाशी खेळतो. आमच्या तालुक्यात जंगलाकडच्या गावांतून येणाऱ्या माणसाला रक्त द्यायला एकदा आणि अहवाल न्यायला पुन्हा एकदा यावे लागते, आणि पुष्कळ जण दुसऱ्यांदा येतच नाहीत.

याहून मोठी अडचण पैशाची आहे. इंग्लंडमध्ये 31 जानेवारी 2024 पासून सात साध्या आजारांवर औषध देण्याचे काम फार्मसीकडे सोपवले गेले, त्यात घसादुखी आणि स्त्रियांचा मूत्रमार्गाचा साधा संसर्गही आहे. परंतु तिथे सरकार फार्मासिस्टला रुग्ण तपासल्याचे शुल्क देते. औषध न देता परत पाठवले तरी ते मिळते. आपल्याकडे दुकान चालते गोळी विकल्यावर. जो विकतो त्यालाच लिहिण्याचा अधिकार दिला तर काय होईल, हे ताप आलेल्या माणसाला प्रतिजैविक अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या कागदात गुंडाळून देणारा कोणताही काउंटर आजच दाखवून देतो. हा आरोप डॉक्टरांवरही होऊ शकतो याची मला कल्पना आहे, कारण आमच्यातही घरचे मेडिकल चालवणारे आहेत. पण एक दोष आहे म्हणून दुसऱ्याला परवाना द्यावा, हे मला पटत नाही.

आणखी एक बाब. डॉक्टरेतर व्यक्तींनी औषध लिहिण्यासंबंधीच्या 46 अभ्यासांचा, कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा 2016 मध्ये आला. परिणाम डॉक्टरांच्या तोडीचे आहेत, असा त्याचा सूर आहे. मात्र त्यात कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले अभ्यास फक्त चार, आणि ते चारही परिचारिकांचे. आपल्यासारख्या देशातल्या फार्मासिस्टचा त्यात एकही अभ्यास नाही. अल्बर्टाचा निष्कर्ष खानापुरात जसाच्या तसा उतरेल, हे आपण कशाच्या बळावर म्हणता?

काउंटरमागचा (डी.फार्म पदविकाधारक फार्मासिस्ट, ग्रामीण भाग)

दोन्ही बाजू माझ्याबद्दल बोलत आहेत, म्हणून लिहितो. मला हा अधिकार नको आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हातात चिठ्ठी नसतेच, रिकामी स्ट्रिप असते, तीही अशी कापलेली की औषधाचे नाव अर्धे आणि मुदतीची तारीख गायब. "हीच द्या, दहा द्या," एवढेच सांगितले जाते. गोळी कोणत्या डॉक्टरांनी, कधी आणि कशासाठी दिली, हे विचारले की शेजारच्या दुकानाची वाट धरली जाते. अशा माणसाचा डोस मी कशाच्या आधारे ठरवू? शेड्यूल एच1 च्या, म्हणजे अधिक कडक नियम असलेल्या, औषधांसाठी रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीच नसेल तर त्या रकान्यात काय लिहायचे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. मग गिऱ्हाईक परत पाठवावे लागते आणि मालकाची बोलणी खावी लागतात.

डॉक्टरसाहेबांनी एक गोष्ट सौम्यपणे टाळली, ती मी उघड लिहितो. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी औषध तयार करून किंवा वाटून देऊ नये, तरीही परवाना भिंतीवर आणि परवानाधारक दुसऱ्या गावी, अशी दुकाने आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. उद्या डोस बदलण्याचा अधिकार आला तर तो त्या भिंतीवरच्या कागदाला मिळेल आणि वापरेल दहावी झालेला पोरगा. मला हवा आहे तो नकार देण्याचा अधिकार आणि डॉक्टरांना फोन लावून "साहेब, या दोन गोळ्या एकत्र चालतील का?" असे विचारण्याची मुभा. मागे एकदा असे विचारले तेव्हा, तुम्ही गोळ्या मोजा, असे उत्तर मिळाले.

कागवाडकर

आपले लिहिणे वाचून वाईट वाटले, पण माझा मुद्दा त्याने बळकट होतो. फोनवर असे उत्तर मिळते, कारण विचारणाऱ्याला कायद्यात काही स्थान नाही. लेखी करार असेल तर डॉक्टरांनी आधीच आपले नाव त्यावर घातलेले असेल आणि फोन उचलणे हे उपकार राहणार नाहीत. उपचारपद्धतीबाबत म्हणाल तर ती आपल्या देशात तयार आहे. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर 2017 मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. कोणती गोळी आधी, किती दिवसांनी पुढची पायरी, हे त्यात आखून दिलेले आहे. भिंतीवरच्या परवान्याचा प्रश्न तपासणीचा आहे. तो सुटेपर्यंत प्रामाणिक माणसाचेही हात बांधून ठेवणे मला मान्य नाही.

निपाणीकर (फार्म.डी.)

या वादात "फार्मासिस्ट" म्हणून दोन वेगळ्या माणसांची गल्लत होते आहे. डी.फार्म ही दोन वर्षांची पदविका आहे. 2008 पासून आपल्या देशात सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आहे, आणि त्यातल्या मुलांना वॉर्डात रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून औषधांचा आढावा घ्यायला शिकवले जाते. पुढे त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला औषध कंपनीची कागदी कामे येतात किंवा परदेश येतो, कारण तालुक्याच्या दवाखान्यात त्यांच्यासाठी जागाच नाही.

दुसरे असे की, आपण सगळे औषध लिहिण्यावरच अडून बसलो आहोत. इंग्लंडमधल्या 72 सामान्य दवाखान्यांत झालेल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फार्मासिस्टने डॉक्टरांची जागा घेतली नाही. संगणकाने धोक्याचे रुग्ण शोधून दिले: अल्सर झालेला असताना पोटाच्या संरक्षक गोळीविना वेदनाशामक घेणारे, दमा असताना बीटा ब्लॉकर (दमा वाढवू शकणारे बीपी-हृदयाचे औषध) घेणारे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेले, मूत्रपिंडाची तपासणी न करता बीपीची ठरावीक औषधे चालू असलेले. फार्मासिस्टने ती यादी घेऊन डॉक्टरांशी चर्चा केली आणि सहा महिन्यांनी अशा धोकादायक चिठ्ठ्या लक्षणीय कमी झाल्या. कागवाडकरांनी दिलेले टेल्मिसार्टन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकचे उदाहरण याच जातीचे आहे, आणि ते सोडवायला कायदा बदलावा लागत नाही. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून नोंदलेलेच आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, जिथे पगार विक्रीवर ठरत नाही, एक फार्म.डी. बसवावा, आणि रुग्णाने मिरजेची, बेळगावची, गावातली सगळी पाकिटे पिशवीत घालून महिन्यातून एकदा त्याच्यापुढे आणावीत.

खानापूरचा डॉक्टर

पिशवी पाहण्याला माझी हरकत नाही, किंबहुना माझ्या तालुक्यात असा माणूस मिळाला तर मी आनंदाने त्याचा फोन घेईन. पण मिरजेची गोळी थांबवायची असे त्याने आणि मी ठरवले, तर तिथल्या डॉक्टरांना ते कळवायचे कोणी आणि त्यांनी ऐकले नाही तर चिठ्ठीवर शेवटची सही कोणाची? या प्रश्नाचे उत्तर कागवाडकरांच्या करारात नाही आणि निपाणीकरांच्या योजनेतही नाही.

निपाणीकर (फार्म.डी.)

सही तुमचीच, कारण महिनाभर रुग्ण तुमच्या गावात राहणार आहे. कळवण्याचे पत्र मी लिहून देईन. ते मिरजेला रुग्णाच्याच पिशवीतून जाईल.